२१ पैकी २१ बाद, तरी पिचरला बाहेर का बोलावलं?

१३ एप्रिल २०२२ ची दुपार. अमेरिकेतल्या मिनिआपोलिसमध्ये हुडहुडी भरवणारी थंडी. लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर क्लेटन कर्शॉ सात इनिंग टाकून बाकावर येऊन बसला. समोर २१ फलंदाज आले होते आणि २१ च्या २१ बाद झाले होते. धाव तर सोडाच, धावेच्या वाटेत गाठायच्या तीन बेसपैकी (थांब्यांपैकी) पहिल्यावरसुद्धा कुणी पोचलं नव्हतं. आणखी सहा जण बाद केले असते, तर झाला असता 'परफेक्ट गेम'. बेसबॉलच्या दीडशे वर्षांत तोवर फक्त २३ वेळा घडलेली गोष्ट.

आणि तिथेच मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्सने त्याला थांबवलं. चेंडू किती टाकले होते? ऐंशी.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला हे पचणं अवघड आहे. १९९९ साली कोटलावर कुंबळेचे नऊ बळी झाल्यावर श्रीनाथ दुसऱ्या टोकाकडून मुद्दाम स्टंपाबाहेर टाकत होता, दहावा कुंबळेलाच मिळावा म्हणून. आणि इथे रंगात आलेल्या माणसाला 'बस झालं' सांगून बसवतात. त्याहून नवल म्हणजे खुद्द कर्शॉ म्हणाला, निर्णय बरोबर होता.

कर्शॉ २०२५ च्या मोसमानंतर निवृत्त झाला. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आणि बेसबॉल दोन्ही परत येताहेत, म्हणजे तेव्हा चॅनेल बदलता बदलता आपल्यालाही हे प्रकार दिसणार. तर या ऐंशी चेंडूंचं गणित आत्ताच समजून घेऊ. ते कळलं की पिचरची अख्खी कारकीर्द कळते.

आधी थोडी बाराखडी

पिचर म्हणजे चेंडू टाकणारा. तो रनअप घेत नाही. मातीच्या साधारण २५ सेंटिमीटर उंच उंचवट्यावर उभा राहतो आणि १८.४४ मीटरवरच्या फलंदाजाकडे, टप्पा न पाडता, चेंडू फेकतो. फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंत एक काल्पनिक चौकट असते. तिच्यातून गेलेला चेंडू सोडला तर स्ट्राइक, मारायला जाऊन हुकला तरी स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाले की बाद. चौकटीबाहेर चार पडले तर फलंदाज फुकटात पहिल्या बेसवर. तीन बाद झाले की संघाची एक इनिंग संपते, अशा नऊ इनिंग.

सामना सुरू करतो तो स्टार्टर. तो दमला की मैदानाच्या कडेला 'बुलपेन' नावाच्या जागेत हात गरम करत थांबलेले रिलीव्हर येतात. एकदा बाहेर गेलेला पिचर त्या सामन्यात परत येत नाही. मोसमात १६२ सामने, तेही जेमतेम सहा महिन्यांत, म्हणजे जवळपास रोज एक. म्हणून स्टार्टर पाच असतात आणि प्रत्येकाची पाळी पाचव्या-सहाव्या दिवशी येते. मधले दिवस तो आराम करत नाही, हाताची डागडुजी करत असतो.

मी पहिल्यांदा बेसबॉल पाहिलं ते ह्यूस्टनला भाच्याकडे गेलो होतो तेव्हा. सामना संपल्यावर जिंकलेला पिचर मुलाखत द्यायला आला, तर त्याच्या खांद्याभोवती आणि कोपराभोवती उशीएवढ्या बर्फाच्या पिशव्या प्लास्टिकने गुंडाळलेल्या. मला वाटलं, बिचारा पडला असेल. भाचा म्हणाला, "मामा, याला काही झालेलं नाही. ऑफिसातून आल्यावर आपण चपला काढतो ना, तसं आहे ते."

हात म्हणजे गोफण

ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणारा माणूस ज्यांनी पाहिलाय त्यांना हे चटकन कळेल. ताकद दगडाची नसते. ती पायातून निघते, कमरेतून, पाठीतून वर चढते आणि शेवटी दोरीच्या टोकाशी एकवटते. पिचरचंही तेच. मागचा पाय रेटतो, कंबर वळते, छाती वळते, हात मागे राहतो आणि मग एकदम पुढे येतो. त्या क्षणी खांदा ज्या वेगाने आतल्या बाजूला फिरतो तो सेकंदाला सुमारे ७,००० अंश मोजला गेलाय. माणसाच्या शरीराच्या मोजल्या गेलेल्या हालचालींतली ही सर्वांत वेगवान.

गोफणीची दोरी तुटली तर दुसरी बांधता येते. पिचरच्या गोफणीतली दोरी म्हणजे कोपराच्या आतल्या बाजूची बोटभर लांबीची पट्टी. दंडाचं हाड आणि हाताचं हाड ती एकत्र बांधून ठेवते. अशा पट्टीला लिगामेंट म्हणतात. हात मागून पुढे येताना कोपर आतल्या बाजूला उघडायला बघतं आणि ही पट्टी ते धरून ठेवते. किती भार पडतो? कोपर काटकोनात ठेवून तळहाताला वीसेक किलोचं ओझं बाजूला ओढायला लटकवलं, तर कोपराला जेवढा पीळ पडेल साधारण तेवढा. प्रयोगशाळेत ही पट्टी एकटी ताणून पाहिली, तेव्हा ती याच्या निम्म्या भारालाच तुटली. उरलेला निम्मा भार आजूबाजूचे स्नायू उचलतात, म्हणून ती टिकते.

स्नायू दमले की तो वाटाही पट्टीकडे येतो. ऐंशी, नव्वद, शंभर ही चेंडूंची मोजणी म्हणजे स्नायू कधी दमतील याचा अंदाज. तो अंदाजच आहे, शास्त्रात कोरलेला आकडा नव्हे. पण दुसरी मोजपट्टी नसल्यामुळे सगळे हीच वापरतात.

मग क्रिकेटमध्ये असं का होत नाही? कारण आपल्या गोलंदाजाला कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ करायची परवानगीच नाही. त्याचं कोपर वाचतं, मार बसतो पाठीला आणि पुढच्या पायाला. बुमराहच्या पाठीच्या बातम्या आपण वाचतो आणि अमेरिकेतला चाहता पिचरच्या कोपराच्या वाचतो, एवढाच फरक.

टॉमी जॉन नावाचं ऑपरेशन

१९७४ पर्यंत ही पट्टी तुटली की कारकीर्द संपली. 'हात मेला' म्हणायचे आणि माणूस घरी जायचा. डॉजर्सचाच सँडी कूफॅक्स १९६६ साली, २७ सामने जिंकलेल्या मोसमानंतर, कोपर निकामी होईल या भीतीने निवृत्त झाला. वय तीस.

टॉमी जॉन हा डॉजर्सचा आणखी एक डावखुरा. जुलै १९७४ मध्ये त्याची पट्टी तुटली. डॉ. फ्रँक जोब यांनी सांगितलं, एक नवीन प्रयोग करून बघू, पण पुन्हा पिचिंग करता येण्याची शक्यता शंभरात एक. जॉन म्हणाला, करा. २५ सप्टेंबरला ऑपरेशन झालं.

जोबांनी काय केलं ते आपल्या हातावर पाहता येतं. अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला लावा आणि मनगट जरा आत वाकवा. मनगटाच्या मधोमध सुतळीसारखी दोरी वर येईल. (नाही आली तरी घाबरू नका, काही लोकांना ती जन्मतःच नसते आणि त्यांचं काही अडत नाही.) हीच दोरी काढून घ्यायची, कोपराच्या दोन्ही हाडांना भोकं पाडायची आणि बाजेची सुतळी ओवतात तशी ती ओवून घट्ट करायची. पुढे महिनोन्महिने शरीर त्या उसन्या दोरीत रक्तवाहिन्या घालतं आणि हळूहळू तिची पट्टी बनवतं. तिथेच वेळ जातो. टाके पंधरा दिवसांत भरतात, पण सामन्यात परत यायला आजही वर्ष ते दीड वर्ष लागतं.

टॉमी जॉन १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत, वयाच्या ४६ व्या वर्षापर्यंत टाकत राहिला. ऑपरेशननंतर १६४ सामने जिंकला, आधी जिंकले होते त्याहून जास्त. डॉक्टरांचं नाव मागे पडलं, ऑपरेशनला पेशंटचं नाव लागलं. आज मेजर लीगमधल्या, म्हणजे तिकडच्या सर्वांत वरच्या लीगमधल्या, दर तीन पिचरांमागे एकाने तरी ते करून घेतलेलं आहे. जपानहून आलेल्या शोहेई ओहतानीच्या उजव्या कोपरावर २०१८ मध्ये एकदा आणि २०२३ मध्ये दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच हाताने त्याने मिलवॉकीविरुद्ध सहा इनिंगमध्ये दहा जणांना स्ट्राइकवर बाद केलं आणि त्याच सामन्यात तीन होमरनही ठोकले.

याचा एक वेडगळ परिणाम झालाय. ऑपरेशनने वेग वाढतो असा समज पसरला आणि धडधाकट मुलांच्या कोपरावर 'आधीच करून टाका' म्हणणारे पालक डॉक्टरांकडे येऊ लागले. वेग वाढला असेल तर तो वर्षभराच्या शिस्तीत केलेल्या व्यायामाने वाढतो. उसन्या सुतळीत कसली जादू नसते.

'मग जरा हळू टाकावं की!'

सगळ्यांत स्वाभाविक शंका. उत्तर असं की हळू टाकणाऱ्याला नोकरी मिळत नाही.

आज मेजर लीगमधल्या फास्टबॉलची सरासरीच ताशी १५० किलोमीटरच्या वर आहे. आपल्याकडे १५० ला पोचणारा गोलंदाज बातमीत येतो, तिकडे तो सरासरी उमेदवार. मैदानाभोवतीचे कॅमेरे प्रत्येक चेंडूचा वेग, फिरकी आणि वळण मोजतात आणि सोळा-सतरा वर्षांच्या पोराची किंमत त्या आकड्यांवर ठरते. साहजिकच पोरं प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकतात. पूर्वी स्टार्टर नऊ इनिंग पुरवायच्या म्हणून हात राखून टाकायचा. आता त्याला ठाऊक असतं की पाच-सहा इनिंगनंतर दुसरा येणारच आहे, मग राखायचं कशाला? लीगने स्वतः करवून घेतलेल्या, डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या अहवालातही दुखापतींचं खापर याच गोष्टींवर फुटलं: वेगाचा हव्यास, चेंडू जास्तीत जास्त वळवण्याचा हव्यास आणि प्रत्येक चेंडूला पूर्ण जोर.

मला यात स्पर्धा परीक्षांच्या क्लासची आठवण येते. सगळेच चौदा तास अभ्यास करू लागले की चौदा तास ही किमान पात्रता होते आणि आजारी पडणारी पोरंही तेवढ्याच प्रमाणात वाढतात.

हळू टाकून टिकलेली माणसं आहेत, नाही असं नाही. जेमी मॉयर तर एप्रिल २०१२ मध्ये ४९ व्या वर्षी सामना जिंकला, मेजर लीगमध्ये जिंकलेला सर्वांत वयस्क पिचर. त्याचा चेंडू आपल्या मध्यमगती गोलंदाजाएवढा होता. पण त्यालाही ४८ व्या वर्षी टॉमी जॉन करावंच लागलं!

'पण जुने पिचर तर रोज टाकायचे'

नोलन रायनचं नाव यात हमखास येतं. २७ मोसम, ५,७१४ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज), तोही तुफान वेगाचा. 'आमच्या वेळी असली थेरं नव्हती' म्हणणाऱ्यांचा तो लाडका पुरावा.

नव्वदीत रोज बिडी ओढणारे एखादे आजोबा प्रत्येक गावात असतात. त्यांच्याकडे बोट दाखवताना, त्यांच्याबरोबर बिडी ओढायला बसणारे बाकीचे कधीच गेले हे विसरलं जातं. रायनच्या पिढीत ज्यांचे हात गेले ते बावीस-तेविसाव्या वर्षीच घरी गेले, त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. आणि रायनची गोष्टही लोक अर्धीच सांगतात: सप्टेंबर १९९३ मध्ये सिॲटलला, ४६ व्या वर्षी, त्याचीही तीच पट्टी तुटली आणि कारकीर्द तिथेच संपली.

मग २०२५ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या अंतिम मालिकेत, डॉजर्सच्या योशिनोबू यामामोतोने ९६ चेंडू टाकून दुसऱ्याच दिवशी ३४ कसे टाकले? तो मोसमाचा शेवटचा, सातवा सामना होता म्हणून. पुढे सगळा हिवाळा रिकामा होता. मुलीच्या लग्नात घरचे दोन रात्री जागतात, तसंच ते. एप्रिलमध्ये हे कुणी त्याला करू दिलं नसतं.

शिडी आणि बॉण्ड

आता पैशाकडे येऊ, कारण हाताचं आयुष्य आणि पगाराचं वेळापत्रक यांची गाठ इथेच पडते.

अमेरिकन मुलगा शाळेतून किंवा कॉलेजातून 'ड्राफ्ट'मध्ये येतो. संघ पाळीपाळीने मुलं निवडतात आणि ज्याने निवडलं त्याच्याशीच बोलणी करायची. आपल्या आयपीएलच्या लिलावात निदान बोली तरी लागते. कर्शॉ २००६ मध्ये टेक्सासच्या शाळेतून सातव्या क्रमांकावर निवडला गेला. पण निवड झाली म्हणजे मेजर लीग गाठली असं नाही. खाली मायनर लीगची शिडी आहे: रुकी, सिंगल ए, हाय ए, डबल ए, ट्रिपल ए. बहुतेकांचं आयुष्य तिच्यावरच संपतं. लांबलांबचे बसप्रवास, एका फ्लॅटमध्ये पाचसहा जण, जमिनीवर हवेच्या गाद्या. २०२३ मध्ये खेळाडूंच्या संघटनेचा पहिला करार झाला, तेव्हा ट्रिपल ए चा, म्हणजे वरून दुसऱ्या पायरीचा वार्षिक पगार दुप्पट होऊन ३५,८०० डॉलर झाला. मेजर लीगचा किमान पगार २०२६ मध्ये ७ लाख ८० हजार डॉलर. एका पायरीत एवढी उडी.

या शिडीवर दोन भारतीयही चढले होते. उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. २००८ मध्ये वेगवान फेकीच्या एका टीव्ही स्पर्धेतून ते निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं. दिनेश दोन वर्षांत परतला. रिंकू सिंगल ए पर्यंत पोचला, मग कोपराने दगा दिला. पुढे तो कुस्तीच्या रिंगणात गेला.

समजा एखादा वर पोचला. तरी तो अजून स्वतःचा मालक नाही. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस होणाऱ्यांना बॉण्ड भरावा लागतो ना, तसा इथे सहा वर्षांचा बॉण्ड असतो. सहा वर्षांची मेजर लीगमधली नोकरी पूर्ण होईपर्यंत त्याला दुसऱ्या संघाशी बोलता येत नाही. १७२ दिवसांचं एक वर्ष धरतात, आणि मोसम असतो साधारण १८७ दिवसांचा. त्यामुळे चांगल्या पोराला सुरुवातीचे दोनतीन आठवडे मुद्दाम खालीच ठेवलं की बॉण्ड आपोआप वर्षभर लांबतो. ही लबाडी नियमात बसते.

पहिली तीन वर्षं जवळपास किमान पगार. नंतर लवाद: खेळाडू आपला आकडा सांगतो, संघ आपला, आणि लवाद दोघांतला एक निवडतो. सुनावणीत संघाचे वकील खेळाडूच्या तोंडावर त्याच्यातल्या खोटी वाचून दाखवतात. २०२३ मध्ये मिलवॉकीचा कॉर्बिन बर्न्स, म्हणजे दोन वर्षांपूर्वी लीगचा सर्वोत्तम पिचर ठरलेला माणूस, साडेसात लाख डॉलरच्या आतबाहेरच्या फरकावर हरला आणि दुखावलाच. पगारवाढ मागायला गेल्यावर साहेबाने आपल्याच चुकांची फाईल उघडावी, तशातली गत.

सहा वर्षांनंतर सुटका. हीसुद्धा आयती मिळालेली नाही. १९७५ पर्यंत संघाचा हक्क जन्मभराचा होता. अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोघांनी त्या वर्षी सहीविना खेळून तो लवादात मोडून काढला. दोघंही पिचर होते.

आता हिशेब मांडा. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी वर आलेला पोरगा तिशीच्या उंबरठ्यावर मोकळा होतो. कोपराची सर्वांत चांगली वर्षं बॉण्डमध्ये, स्वस्तात खर्ची पडलेली असतात.

'करोडो मिळतात, मग रड कसली?'

मिळतात, ज्यांचा हात तोवर टिकतो त्यांना. कर्शॉला २०१४ मध्ये सात वर्षांचे २१ कोटी ५० लाख डॉलर मिळाले. आणि बेसबॉलमध्ये करार झाला की रक्कम पक्की, खेळाडू जखमी झाला तरी द्यावीच लागते.

यात संघही पोळतात. स्टीफन स्ट्रासबर्ग २०१० मध्ये पहिल्याच सामन्यात १४ जणांना स्ट्राइकवर बाद करून आला आणि त्याच ऑगस्टमध्ये त्याची पट्टी तुटली. टॉमी जॉन झालं. २०१२ मध्ये संघ प्लेऑफकडे निघालेला असताना वॉशिंग्टनने त्याला १५९ इनिंगनंतर सक्तीने बसवलं, अख्ख्या अमेरिकेने नावं ठेवली. २०१९ मध्ये त्याच हाताने त्याने वर्ल्ड सीरिज जिंकून दिली. लगेच सात वर्षांचा २४ कोटी ५० लाखांचा करार झाला. त्यानंतर तो खेळला किती? आठ सामने. मानेजवळच्या नसा दाबल्या जाऊन हाताला मुंग्या येऊ लागल्या. त्यासाठी बरगडी काढली, तरी जमलं नाही. पैसे पूर्ण मिळाले, पण तिशी ओलांडता ओलांडता काम संपलं.

२०१२ मध्ये बसवलं ते चूक की बरोबर, यावर वाद घालणारे आजही भेटतात. मला वाटतं बरोबर होतं, पण माझा हात नव्हता आणि माझे पैसेही नव्हते.

मिनिआपोलिसची ती दुपार

आता ऐंशी चेंडू पुन्हा पाहा. कर्शॉ चौतीस वर्षांचा. आदल्या ऑक्टोबरमध्ये कोपर-मनगटाच्या मधल्या भागाच्या दुखण्याने तो सगळ्या प्लेऑफला मुकला होता. त्यात मालक आणि खेळाडूंच्या भांडणात मार्चपर्यंत टाळेबंदी, त्यामुळे सरावाचे आठवडे कमी. करार एका वर्षाचा. मोसमातला त्याचा पहिलाच सामना आणि वर थंडी. परफेक्ट गेम मिळाला असता तर नाव कोरलं गेलं असतं. त्या बदल्यात त्याला तो मोसम धरून चार मोसम मिळाले.

वेग मात्र उतरत गेला. ताशी १५० च्या वर जाणारा फास्टबॉल शेवटी १४३ च्या आसपास आला. मग तो जागा आणि चेंडूचा प्रकार बदलून फलंदाजांना फसवत राहिला. २ जुलै २०२५ ला त्याचा तीन हजारावा स्ट्राइकआउट झाला. अठरा मोसम, सगळे एकाच संघात.

शेवट २७ ऑक्टोबर २०२५ चा. वर्ल्ड सीरिजचा तिसरा सामना, बारावी इनिंग, तिन्ही बेसवर टोरोंटोचे खेळाडू, दोन बाद. तीनदा सर्वोत्तम पिचर ठरलेल्या कर्शॉला बुलपेनमधून बोलावलं ते एका फलंदाजापुरतं. आठवा चेंडू जमिनीवरून सेकंड बेसच्या खेळाडूकडे गेला आणि इनिंग संपली. सामना अठरा इनिंग चालला, पण त्याला पुन्हा टाकावं लागलं नाही. पाच दिवसांनी टोरोंटोला सातव्या सामन्याचा शेवटचा चेंडू पडला आणि डॉजर्स जिंकले, तेव्हाही तो कुंपणाकडच्या बुलपेनमध्ये हात गरम करत होता.